खोटारड्याचा ढीग

मिरीची साल कुजली की तिचा वास माणसाच्या अंगातून आठवडाभर जात नाही. साबण लावा, राख फासा, काही करा. सुरीला त्या वासाचं एरवी काही वाटायचं नाही, पण यंदा तिला त्याचाही राग येत होता. सपादीच्या ओढ्यात मांडीभर पाण्यात उभी राहून ती पोती तुडवत होती. पोत्यातल्या दाण्यांची साल पायाखाली सुटत होती, काळपट फेस वाहत्या पाण्याबरोबर खाली जात होता आणि तळपायाची कातडी भिजून पांढरी पडली होती.

तिचा नवरा लांतिंग काठावर पाय पसरून बसला होता. ओढ्यावर जे झाडाचं खोड टाकलेलं होतं ते गेल्या पुरात वाहून गेलं, आणि तेव्हापासून पोतं पाठीवर घेऊन पाण्यातूनच पलीकडे जावं लागे. तसाच जाताना तो घसरला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मळ्यातली तोडणी, तुडवणी, आणि वाळलेली मिरी ओढ्यापलीकडच्या लॉरीपर्यंत नेणं, सगळं एकट्या सुरीच्या अंगावर आलं होतं. लांतिंग बसल्या बसल्या देठ निवडायचा आणि दर थोड्या वेळानं "दमलीस का" विचारायचा. त्याचाही तिला राग यायचा.

पलीकडच्या काठावर लॉरी येऊन थांबली. लॉरीवाला एंचाली सुरीचा मावसभाऊ. खाली उतरून त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "सुरी, ऐकलंस का? आपलं उलू सेंगाला गेलं."

सुरीला वाटलं, नदीच्या वरच्या अंगाला डोंगर खचला. "गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"पुसलं. मतदारसंघ मोडला. अर्धा या बाजूच्याला जोडला, अर्धा त्या बाजूच्याला. कुबोंगच्या बाजारात सगळे तेच बोलतायत. आणि मधली रेघ कुठून काढली माहिताय?"

"कुठून?"

"तू उभी आहेस तिथून."

सुरीनं खाली पाहिलं. पाणी होतं, फेस होता आणि तिचे पाय होते.

सपादीचा ओढा हीच हद्द. ते सगळे राहत ते लांबघर अलीकडे, एका मतदारसंघात. कुबोंगहून आलेला रस्ता पलीकडे, दुसऱ्या मतदारसंघात. आणि ज्या पुलासाठी या लोकांनी आयुष्यभर मतं दिली तो व्हायचा होता बरोबर मधे. हे ध्यानात यायला सुरीला वेळ लागला नाही. पोतं तुडवता तुडवता तिचे पाय इतके जोरात पडू लागले की लांतिंग म्हणाला, दाणे फुटतील.

लांबघरात ही बातमी ऐकून सगळ्यात गप्प झाला तो सुरीचा बाप मांगाय. तो लांबघराचा तुआय होता, म्हणजे प्रमुख. त्यांच्याकडे एकाच छपराखाली ओळीनं सगळ्यांची बिऱ्हाडं असतात आणि सगळ्यांपुढून एक लांबच लांब ओसरी जाते. त्या ओसरीवर तुआयनं उभं राहून सांगितलं की ते सगळ्यांनी ऐकायचं. लेक सासरी न जाता जावई घरी आला, त्यात तिकडे कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि म्हणून सुरी जन्मापासून याच बिऱ्हाडात होती आणि प्रत्येक निवडणुकीत बापाला ओसरीवर उभं राहिलेलं तिनं पाहिलं होतं. उमेदवार यायचे, कर्ण्यातून बोलायचे. लोक तुआक, म्हणजे तांदळाची दारू, पीत, चटया विणत बसून राहायचे, कुणी मान वर करायचं नाही. मग मांगाय खांबाला हात लावून उठायचा आणि म्हणायचा, "हे म्हणतात पूल होईल. मी सांगतो, होईल." तेव्हा कुठे बायका विणकाम खाली ठेवायच्या. मग मतदानाच्या दिवशी सगळे नावेत बसून जायचे आणि वल्ह्याच्या चित्रापुढे फुली मारून यायचे.

"मी जाऊन विचारून येतो," मांगाय म्हणाला. "रेघ मारली म्हणून काय झालं. विचारायला पाहिजे."

त्यानं तुआयचा पांढरा सदरा घातला, छातीला सरकारी बिल्ला लावला. कचेरीत रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून वेताच्या पिंजऱ्यात एक चांगला तांबडा कोंबडा घेतला. बापाला एकट्याला पाठवायचं नाही म्हणून सुरीही निघाली. ओढा ओलांडताना त्यानं सदरा काढून डोक्यावर बांधला आणि पलीकडे गेल्यावर अंग पुसून पुन्हा घातला.

कुबोंगला पहिली कचेरी रस्ता ज्यांच्याकडे गेला त्यांची. टेबलामागे त्यांच्याच जातीची एक पोरगी होती, बोलायला अदबशीर. तिनं विचारलं, "आकी, तुमचं घर ओढ्याच्या कुठल्या बाजूला?" म्हाताऱ्या माणसाला आजोबा म्हणायची तिकडे रीत आहे.

"अलीकडे."

"मग तुम्ही आमचे मतदार नाही. खालच्या कचेरीत जा."

खालच्या कचेरीत एक तरुण माणूस होता. तोही अदबशीरच. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. घर तुमचं आमच्यात आहे, म्हणाला, पण रस्ता आमच्यात नाही.

"आणि पूल?" सुरीनं विचारलं.

त्यानं नकाशाजवळ तोंड नेलं. रेघ तांबडी आणि इतकी जाड होती की खालचा ओढा दिसतच नव्हता. "पूल रेघेवर येतो," तो म्हणाला.

"म्हणजे कुणाचा?"

"ते वरून ठरेल."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यावर तो नुसता हसला. तेवढ्यात पिंजऱ्यातल्या कोंबड्यानं चकचकीत फरशीवर घाण केली. शिपाई आला, फरशीकडे पाहिलं, मांगायकडे पाहिलं, आणि एक फडकं त्याच्यापुढे धरलं. सुरी फडकं घ्यायला गेली तर बापानं तिचा हात बाजूला केला. बिल्ला लावलेला तो म्हातारा गुडघ्यावर बसला आणि फरशी पुसू लागला. नीट पुसली त्यानं, कोपऱ्यातलं सुद्धा. पुसून होईपर्यंत तो अदबशीर माणूस दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागला होता.

बाहेर आल्यावर सुरी म्हणाली, चल घरी. मांगाय म्हणाला, दातुक असतील, दातुकना विचारू.

दातुक बेलायोंग बाजारातल्या कॉफीच्या दुकानात सापडले. उलू सेंगालाचे पहिले खासदार हेच. आधी शाळामास्तर होते, मग खासदार झाले, सरकारनं दातुक ही पदवी दिली, आणि इतकी वर्षं खासदार राहिले की लोक त्यांना नुसतं दातुकच म्हणत. प्रत्येक निवडणुकीला ते लांबघरात यायचे तेव्हा त्यांचे बूट भिजू नयेत म्हणून मांगाय त्यांना पाठुंगळी घेऊन सपादीचा ओढा ओलांडायचा. सुरीनं ते लहानपणी पाहिलं होतं, ओढ्यावर खोडही नव्हतं तेव्हा. बापाची मान पुढे वाकलेली, शिरा ताणलेल्या, आणि वर बसलेला माणूस काठावरच्या बायकांना हात हलवतोय. तेव्हा तिला बापाचा अभिमान वाटला होता. आता आठवून अंगाची आग झाली.

दातुक शेवया खात होते. मांगाय पुढे जाऊन उभा राहिला. दातुकनी वर पाहिलं, पुन्हा शेवयांकडे पाहिलं.

"मी मांगाय," तो म्हणाला. "उलू सेंगालाचा."

"हां, उलू सेंगाला." दातुक शेजारच्याला म्हणाले, "फार चांगली माणसं तिथली. ती जागा आता राहिली नाही ना?"

"जागा आहे," सुरी म्हणाली. "मतदारसंघ राहिला नाही."

"तेच ते."

मांगायनं पुलाचं विचारलं. दातुकना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तो अजून झाला नाही? मी तर उद्घाटन केलं होतं."

"कोनशिलेचं," मांगाय म्हणाला.

"हां, कोनशिलेचं." ते पुन्हा खायला लागले. एकदा मान वर करून म्हणाले की बघतो, सांगतो कुणाला तरी. मांगायनं कोंबड्याचा पिंजरा दातुकच्या खुर्चीशेजारी ठेवला, मान लववली आणि बाहेर पडला.

बसथांब्यापाशी सुरी म्हणाली, "कोंबडा कशाला दिलास?"

"इतक्या लांब आणला होता. परत कुठं न्यायचा."

तिला त्या क्षणी बापाचा जेवढा राग आला तेवढा दातुकचाही आला नाही. हे तिला स्वतःलाच नंतर कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

संध्याकाळच्या आत ते ओढ्यापाशी पोचले. मांगाय सदरा डोक्याला बांधून पुढे ओढा ओलांडून गेला आणि घरच्या वाटेला लागला. सुरी ओढा ओलांडून काठावरच मागे राहिली. लांबघराच्या बाजूला, जिथं वाट ओढ्यात उतरते तिथं ती कोनशिला होती, शेवाळानं हिरवी झालेली. तिथंच जवाई आणि सेदाऊ या दोघी शेजारणी मिरी पोचवून विसावल्या होत्या. सुरीनं त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता तिनं कडेची एक फांदी मोडली, कोनशिलेपुढे फेकली आणि म्हणाली, "खोटारड्या."

दोघी चमकल्या. ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यात खुनाला दंड आहे, चोरीला दंड आहे, पण ज्याच्या खोटेपणानं लोक नाडले त्याला दंड नसतो, त्याचा ढीग असतो. वाटेवर त्याच्या नावानं काटक्या टाकायच्या. येणाऱ्या जाणाऱ्यानं एक टाकून पुढे जायचं, न टाकेल त्याचं डोकं दुखेल. माणूस मरतो, ढीग वाढत राहतो, आणि नातवंडांना त्याच वाटेनं मान खाली घालून जावं लागतं. असा ढीग सुरीच्या आजीच्या वेळी एक झाला होता. त्या घरातली माणसं शेवटी नदी सोडून गेली.

पण जवाईनं फांदी मोडली. पहिल्या मताच्या वेळी पेट्या नावेतून आल्या होत्या, ती म्हणाली, आणि हा म्हणाला होता की पुढच्या वेळी पेट्या मोटारीतून येतील. तिनं फांदी टाकली. सेदाऊला त्या वर्षाची आठवण होती ज्या वर्षी सगळ्या नदीनं चिडून वल्ह्याला सोडून दिव्याला मत दिलं होतं. उंगाट नावाचा तरणा पोरगा निवडून आला. लोकांच्या बोटांची शाई निघायच्या आत तो दिवा घेऊन वल्हेवाल्यांच्या नावेत जाऊन बसला. सेदाऊनं दोन काटक्या टाकल्या. मग उंगाट मेला आणि मधेच निवडणूक लागली, तेव्हा आकाशातून हेलिकॉप्टर आलं, सिमेंटचे नळे आले. ते नळे अजून तिथंच पडलेत, त्यांत कोंबड्या अंडी घालतात. त्यानंतर बेलायोंगचा मुलगा आला आणि त्यानं बापाच्याच कोनशिलेला नवा रंग दिला. तिघी टाकत गेल्या आणि हसत गेल्या. सुरीला बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मिरी घेऊन जाणारा प्रत्येक जण काटकी टाकू लागला. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. पाठीवर पोतं, कपाळाला पट्टा, त्यात वाकून काटकी उचलायची म्हणजे कंबर धरून उठावं लागे, तरी टाकत होते. ढीग गुडघ्याएवढा झाला.

लांबघरातली सगळ्यात म्हातारी इनी, म्हणजे आजी, तांबी एक दिवस झाडाची साल काढायला त्या बाजूला आली. ढिगापाशी थांबली, पण काटकी टाकली नाही. सुरी पोतं टेकवून दम खात होती.

"कुणाचा गं हा?"

"बेलायोंगचा, इनी."

"नाव घेतलं होतंस? साक्षीला माणसं उभी करून, मोठ्यानं?"

सुरीला आठवलं. ती नुसती खोटारड्या म्हणाली होती.

"मग हा बिननावाचा आहे," म्हातारी म्हणाली. "बिननावाचा ढीग फार दिवस तसा राहत नाही. आणि बेलायोंग काय या वाटेनं येतो होय? त्याची पोरं येतात? लाज ज्याला वाटायची तोच इथून जात नसेल तर ढीग कुणासाठी?" मग जाताना तिनं हळूच विचारलं, "आपण हे सगळं कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, पोरी?"

सुरीनं ते मनावर घेतलं नाही. म्हातारी माणसं काहीही बोलतात, ती लांतिंगला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एंचालीनं पलीकडून हाक मारली की त्याला घाई आहे, लॉरी इथं थांबवत नाही, खालच्या उतारावर थांबतो. "राहिलेली पोती मांगायच्या ढिगापाशीच ठेव, उद्या नेतो."

तो चेष्टा करत नव्हता. वडाखाली ठेव, विहिरीपाशी ठेव म्हणावं तसं म्हणाला. सुरी पाण्यातून तशीच पलीकडे धावली आणि तिनं त्याची गचांडी धरली.

"काय म्हणालास?"

एंचालीचं तोंड पडलं. "मी एकटा नाही गं म्हणत. सगळेच म्हणतात."

"कधीपासून?"

"मला काय माहीत. आपोआपच झालं."

तिनं परत येऊन ढीग लाथांनी उधळून दिला. हातानं काटक्या ओढ्यात टाकल्या, तळवे सोलले. घरी लांतिंगनं तिच्या हातांना तेल लावलं आणि म्हणाला, हे करायला नको होतंस, ढीग मोडणाऱ्यावर ते खोटं येतं. येऊ दे, ती म्हणाली. सकाळी पोतं घेऊन गेली तर ढीग पुन्हा होता, आणि आधीपेक्षा मोठा होता.

मग दुपारी जोराचा पाऊस लागला. सगळे मळ्यावरून परतले होते. सुरी ओसरीवर मधोमध जाऊन उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं तिनं बेलायोंगचं नाव घेतलं. ढीग त्याचा आहे, म्हणाली. मी पहिली काटकी टाकली, मला माहीत आहे कुणाचा आहे. जो दुसऱ्याचं नाव घेईल त्यानं माझ्यासमोर येऊन घ्यावं. माझा बाप तुमच्यासाठी त्या माणसाला पाठीवर घेऊन पाण्यातून गेला, म्हणाली. त्याच्या पाठीवर बसून दुसऱ्यानं खुर्ची मिळवली आणि तुम्ही पाठीलाच दोष देता?

कुणी वाद घातला नाही, हेच वाईट होतं. बायका वेत सोलत राहिल्या. शेवटी सेदाऊच बोलली, जिनं पहिल्या दिवशी दोन काटक्या टाकल्या होत्या. बोलताना तिनं वर पाहिलं नाही.

"सुरी, बेलायोंगला आम्ही ओळखत होतो कुठं? वल्हं काय आणि दिवा काय. आम्ही दर वेळी मांगायलाच मत दिलं."

मांगाय तिथंच खांबाला टेकून बसला होता. मासे धरायचं जाळं दुरुस्त करत होता. त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि दुसरी गाठ घ्यायला लागला. सुरीला वाटलं, तो उठेल, खांबाला हात लावेल, काहीतरी म्हणेल. तो उठला नाही. त्याचे हात तेवढे चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. मिरी न्यायला माणसं ओळीनं निघाली तेव्हा मांगायनंही पोतं पाठीला लावलं. सुरी म्हणाली, ठेव, तुझं वय आहे का? त्यानं ऐकलं नाही. ओळीत तो मधे होता, सुरी त्याच्या मागे. चढावर त्याच्या पिंढऱ्या थरथरत होत्या, उतारावर पाय घसरत होता, तरी तो एकदाही टेकला नाही.

ढिगापाशी त्यानं पोतं खाली ठेवलं. सगळी ओळ थांबली. त्यानं कमरेचा कोयता काढला, कडेची एक सरळ फांदी तोडली आणि तिची पानं एक एक करून साफ केली. मग ती हातात धरून उभा राहिला. ओसरीवर बोलायचा त्याच आवाजात बोलला.

"तुम्ही साक्षीला आहात. मी मांगाय. पूल होईल असं मी माझ्या तोंडानं सांगितलं, दर वेळी सांगितलं. पूल झाला नाही. हा ढीग माझा आहे."

त्यानं फांदी टाकली आणि बाजूला झाला. कुणी हलेना. मग तो म्हणाला, "टाका. मिरी भिजेल." जवाईनं टाकली. सेदाऊनं टाकली, आणि टाकताना रडली. एंचाली लॉरी सोडून अलीकडे आला होता. त्यानं मान खाली घालून टाकली. एकेक जण टाकून ओढ्यात उतरला. मागे दोघंच राहिली.

"टाक," मांगाय म्हणाला.

"नाही."

"तू सुरू केलास ना? टाक."

"मी त्याचा सुरू केला होता. तुझा नाही."

"आता माझा आहे. मी नाव घेतलंय." त्यानं खाली वाकून एक काटकी उचलली आणि तिच्यापुढे धरली. "न टाकता गेलीस तर डोकं दुखेल, पोरी."

"दुखू दे," सुरी म्हणाली.

तिनं आपलं पोतं उचललं, त्यावर बापाचंही घेतलं आणि ती ओढ्यात उतरली. पाणी कमरेपर्यंत होतं.

संध्याकाळी तिचं डोकं खरोखरच ठणकायला लागलं. लांतिंग पाला वाटून घेऊन आला, तो तिनं लावू दिला नाही. ढीग आता माणसाच्या छातीएवढा झाला आहे, नव्या मतदारसंघांच्या कचेऱ्यांतली माणसंही येऊन पाहून गेली आणि त्यांनीही रीत म्हणून हसत हसत एकेक काटकी टाकली. सुरी त्याच वाटेनं रोज जाते. रोज काही न टाकता जाते, आणि रोज तिचं डोकं दुखतं.